नवी एअर रायफल की वडलांची जुनी? बेदाण्याच्या शेडमध्ये दोन्ही मारून बघितल्या

गेल्या दिवाळीत नवीन एअर रायफल घेतली. साडेचार एमएम, ब्रेक बॅरल (नळी मोडून ताणायची आणि छर्रा भरायचा), आत स्प्रिंगच्या जागी गॅस पिस्टन, भारतात बनलेली, साडेचौदा हजार रुपये. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या हाताला एकच पीस लागला आणि एका पीसवरून कुणाचं नाव खराब करणं मला पटत नाही. पण त्या एका पीसवर मी चार महिने घालवलेत, साधारण अडीच हजार छर्रे मारलेत, आणि सांगलीत ज्याला त्याला जो प्रश्न पडतो की "नव्या बंदुकांना जुन्यासारखा नेम राहिला नाही, खरं का?" त्याचं उत्तर मला माझ्यापुरतं मिळालंय, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी सांगतो की हा विषय मला एवढा का लागला. माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी, एक जुनं लेथ. दिवसभर मायक्रॉनमध्येच जगतो. आणि तिथं पण रोज हेच ऐकतो, जुन्या मशीनसारखा जॉब निघत नाही, जुने फिटर राहिले नाहीत, आताचं सगळं पत्र्याचं. काही बाबतीत ते खरंय. पण नळी, म्हणजे लोखंडात एक लांब सरळ भोक आणि त्यात पीळ, हे काम आजचं मशीन चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनपेक्षा वाईट करेल हे माझ्या डोक्याला काय पटेना. मग नेम का नाही म्हणतात लोक? ते बघायचं ठरवलं.

जुनी बाजू म्हणजे वडलांची आयएचपी ३५. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, वालचंद हिराचंद यांनी १९२६ ला काढलेली कंपनी, आपल्या सांगलीचं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच. सिमेंटच्या पाइप बनवणारी कंपनी एअर रायफल पण बनवायची हे आजच्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. रायफल दिसायला जर्मन डायना ३५ च्या वळणाची, जड, लाकूड चांगलं. वडलांनी ऐंशीच्या दशकात घेतली, मी नववीत असल्यापासून मारतोय, आत्तापर्यंत किती छर्रे गेले असतील देव जाणे. निळं पॉलिश हाताच्या घामानं पकडायच्या जागी पूर्ण उडालंय, तिथं नुसतं चकचकीत लोखंड दिसतं. आतलं सील एकदा बदललंय, बाकी सगळं मूळचं.

टेस्ट केली मेव्हण्याच्या शेडमध्ये, तासगावजवळ. बेदाण्याची शेड बघितली असेल तर कळेल की यापेक्षा चांगली जागा फुकटात मिळणार नाही, शंभर फुटाच्या वर लांब, दोन्ही बाजूला हिरवी शेडनेट, म्हणजे वारा जवळपास मेलेला, आणि नोव्हेंबरात बेदाण्याचं काहीच काम नसतं, जाळ्या गुंडाळून वर टाकलेल्या असतात. २५ मीटर टेपनं मोजून घेतलं. टार्गेटमागं वाळूच्या पोत्यांची भिंत, सगळ्यांच्या डोळ्याला चष्मा, आणि मारणारा एक जण असेल तेव्हा बाकी सगळे त्याच्या मागं, हे मेव्हण्याच्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं. त्यांचा पहिला प्रश्न होता बागेतल्या पाखरांवर मारता येईल का. नाही. कागदावरच मारायचं, पाखरावर बंदूक फिरली तर दुसऱ्या मिनिटाला कपाटात जाईल असं सांगितलं.

दोन्ही रायफलींना एकच स्कोप आळीपाळीनं लावला, टेबलावर बसून, पुढं वाळूची पिशवी. स्प्रिंग किंवा गॅस पिस्टनच्या रायफलीला साधा स्कोप लावू नका, कारण ही रायफल आधी मागं झटका देते आणि पिस्टन पुढं जाऊन आदळला की पुढं पण झटका देते, हा पुढचा झटका साध्या स्कोपच्या आतल्या काचा हलवतो, एअरगनसाठीचा म्हणून मिळतो तोच घ्या.

आणि मारायचे दहा. तीन नाही, पाच नाही, दहा. हे का म्हणतोय ते पुढं येईल.

पहिल्या दिवशीचा निकाल: जुनी, दहा छर्रे, सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर (हाच ग्रुप) २४ एमएम. नवी, तेच छर्रे, तेच टेबल, तोच माणूस, ३८ एमएम. परत मारलं, ४१. परत, ३६. आणि त्यात दोन छर्रे तर उगीच कुठंतरी लांब डाव्या बाजूला, काही कारण नसताना.

साताऱ्याचे मामा आलेले त्या दिवशी, सुभेदार म्हणून रिटायर झालेत, अपशिंग्याकडचे, त्या बाजूला घराआड फौजी. ते खुर्ची टाकून बघत होते, त्यांनी जुनी उचलली आणि उघड्या साइटवर, पुढच्या माशीवर, स्कोप न लावता दहा मीटरवर तीन मारले, तिन्ही रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे. आणि म्हणाले, "बघितलंस का? ह्याला म्हणायचं रायफल. आमच्या वेळची थ्री नॉट थ्री अशीच हुती, एकदा झिरो केली की वर्षभर हात लावायला नको. आताचं समदं कारखान्यातनं धडाधड बाहेर पडतंय, कोण बघतंय एकेक पीस?"

मामांचं मी कधी खोडून काढत नाही, पंचाहत्तरीचा माणूस आहे आणि त्यांनी आयुष्यात जेवढं मारलंय तेवढं मी बघितलं पण नाही. पण त्यांच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कोण बघतंय एकेक पीस. थ्री नॉट थ्रीबद्दल मात्र मला नंतर त्यांच्याशी बोलावं लागलं.

घरी आणून रायफल वर्कशॉपमध्ये टेबलावर घेतली. सगळ्यात आधी बाहेरच्या प्लास्टिकच्या बटाचे स्क्रू. पुढचे दोन्ही बाजूचे स्क्रू बोटानं फिरतील इतके ढिले. पहिल्या साठ-सत्तर छर्र्यांतच ढिले झाले की कारखान्यातूनच तसे आले हे सांगता येत नाही, पण ज्या रायफलीची आतली बॉडी बटात अर्धा एमएम हलतेय ती दर वेळी वेगळ्या जागी बसणार, आणि मग नेम कुठून येणार. थोडं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावून घट्ट केले.

मग नळीत साफसफाईची काडी घालून एक छर्रा हळूहळू ढकलला, ब्रीचपासून, म्हणजे मागच्या टोकापासून, तोंडापर्यंत. हे कुणीही करून बघावं, मशीनवाला असायची गरज नाही, हाताला कळतं. आणि इथं मला पहिला धक्का बसला, चांगला धक्का. नव्या नळीत छर्रा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा सरकला, कुठं घट्ट नाही, कुठं सैल नाही, फक्त शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरला किंचित आवळलेला, तो चोक, तो मुद्दाम ठेवलेला असतो. हेच वडलांच्या रायफलीत केलं तर मधे एका जागी छर्रा एकदम सैल पडतो, वीतभर अंतर नुसता घसरतो, आणि पुढं परत धरतो. म्हणजे नळी म्हणून बघितली तर नवी उजवी, आणि थोडीफार नाही, चांगलीच उजवी. छर्रा बाहेर काढून भिंगाखाली बघितला, पिळाचे सगळे ओरखडे सारख्या खोलीचे. मला त्या नळी बनवणाऱ्याला फोन करून शाबास म्हणावंसं वाटलं.

आमच्या लाइनमध्ये हायड्रॉलिक ब्लॉकला खोल भोक पाडायचं असलं की गन ड्रिलिंग म्हणतात, ते नाव मुळात बंदुकीच्या नळीवरूनच आलंय, आणि आज ती मशीनं आपल्या ठाण्यात बनतात. पिळाचं पण तसंच. पूर्वी एक हूक एकेक खाच कापत जायचा, एका नळीला तासन् तास. मग कार्बाइडचं बटण, म्हणजे पिळाचा ठसा असलेला कठीण तुकडा, नळीतून एका दमात ओढायचं तंत्र आलं. आणि जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हातोडे मारून नळी आतल्या मँड्रेलवर (पिळाच्या उलट्या आकाराच्या कांबीवर) घडवायचं मशीन काढलं, हॅमर फोर्जिंग, काही मिनिटांत नळी तयार. यातलं कुठलंही तंत्र नीट केलं तर नळी चांगली निघते, वाईट केलं तर वाईट. पण शंभर नळ्या घेतल्या तर आजच्या शंभर एकमेकींसारख्या जास्त असतात, हे मशीनवाला म्हणून छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

मग ३८ एमएम का?

नळीचं तोंड. क्राउन म्हणतात त्याला. मी कान साफ करायची कापसाची काडी घेतली, नळीच्या तोंडात घालून हळूच बाहेर ओढत कडेवरून गोल फिरवली, तर एका जागी कापसाचे धागे अडकून राहिले. परत फिरवली, त्याच जागी. दहा एक्सच्या भिंगातनं बघितलं तर साडेसातच्या काट्याला एक बारीक बर, म्हणजे धातूची उरलेली टोकदार कड, चॅम्फर मारल्यावर (कड तिरकी छाटल्यावर) आत वळलेला, केसाइतका पण नाही. आमच्याकडे असा जॉब कस्टमरला गेला तर परत येतो आणि वर शिव्या येतात.

आता एवढ्याशा बरनं काय होतं ते समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. छर्रा नळीतनं बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागची दाबलेली हवा पण त्याच क्षणी बाहेर सुटते. तोंड सगळीकडून सारखं असलं तर हवा छर्र्याच्या घेराला सगळीकडून सारखी लागते. एका बाजूला बर असला की एक तर तो छर्र्याची कड खरवडतो आणि दुसरं म्हणजे हवा एका बाजूनं आधी सुटते, छर्र्याला शेवटच्या क्षणी मागून टपली बसते. दहा मीटरवर कळत नाही, पंचवीसवर कळतं.

मिरजेत ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हे एका शब्दात सांगता येईल, जवारी. सतारमेकर गल्लीत मी लहानपणी वडलांबरोबर जायचो, वडलांचे मित्र होते तिथं. भोपळा बघून घेतलेला, लाकूड मुरवलेलं, तारा उत्तम, सगळं जुळून आलं तरी तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी निघाली नाही तर तो तंबोरा बोलत नाही. आणि जवारी काढणं म्हणजे काय, त्या घोडीचा माथा कानसेनं, मग बारीक पॉलिशपेपरनं, एकेक हात मारून तार लावून ऐकायचं, परत काढायचं, परत घासायचं. शेवटच्या दोन तासांचं काम, पण सगळा तंबोरा त्यावर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते उगीच नाही. रायफलीचं क्राउन म्हणजे तिची जवारी. मशीननं नळी फर्स्ट क्लास काढली, आणि शेवटचा हात ज्यानं मारायचा तो माणूस एक तर तिथं नव्हता किंवा त्याला एका पीसला दहा सेकंदच दिलेले.

मी काय केलं, पितळी गोल डोक्याचा स्क्रू घेतला, डोक्याला गॅरेजमध्ये मिळते ती व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट बारीकवाली लावली, हँडड्रिलमध्ये पकडून नळीच्या तोंडावर हलकेच, हात सतत गोल हलवत, स्पीड अगदी कमी. नळीत आधी कापूस कोंबला, पेस्ट आत जायला नको म्हणून. एखाद-दीड मिनिट, मग पुसून कापसाची काडी फिरवली, धागा अडकला नाही. भिंगातनं बघितलं तर तोंडाला सगळीकडून सारखी चांदीची बारीक रेघ. वॉरंटीत असलेल्या रायफलीला हे करायच्या आधी विचार करा, मी केलं कारण हे माझं रोजचं काम आहे.

सर्व्हिसबद्दल पण सांगायला पाहिजे. हे करायच्या आधी मी दुकानात फोन केला, ते म्हणाले कंपनीशी बोला. कंपनीच्या नंबरवर माणूस नीट बोलला, उर्मट नव्हता, पण उत्तर एकच, कुरिअर करा, खर्च तुमचा, तीन आठवडे, तपासून सांगू. मी फोटो पाठवतो म्हटलं भिंगातनं काढलेला, तर म्हणाले फोटोवर काही होत नाही. ज्याच्याकडे भिंग नाही, लेथ नाही, जो पहिल्यांदाच रायफल घेतोय, तो काय करणार? तो दहा लोकांना सांगणार की नव्या रायफली भिकार असतात, जुनीच बघा कुठं मिळते का. आणि ज्या माणसानं ती सुंदर नळी काढली त्याच्या कामावर पाणी. याचा मला मनापासून राग आला.

छर्र्यांचं पण एक प्रकरण आहे. मी पहिल्या दिवशी मारलेले छर्रे म्हणजे दुकानात डब्यावर डबा रचलेले असतात ते स्वस्तातले. सराफ कट्ट्यावर माझा वर्गमित्र बसतो, त्याच्याकडं सोन्याचा काटा आहे, मिलिग्रॅम दाखवणारा, दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना त्याच्याकडं जाऊन पन्नास छर्रे एकेक करून तोलले. तो पण रंगून गेला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मी लिहायचो. स्वस्तातले छर्रे ०.४९ ग्रॅमपासून ०.५५ पर्यंत पसरलेले. मग चेक रिपब्लिकच्या जेएसबीचा डबा उघडला, त्यावर ८.४४ ग्रेन लिहिलेलं असतं, म्हणजे ०.५४७ ग्रॅम, तर पन्नासच्या पन्नास ०.५४३ ते ०.५५१ मधे. मित्र म्हणाला आमच्याकडची मणी-माळ पण एवढी सारखी येत नाही. महाग आहेत, मान्य, पण दहा टक्के वजनाचा फरक असलेले छर्रे मारून रायफलीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक, नवी रायफल पहिले दीड-दोनशे छर्रे धूर काढते आणि आवाज पण जास्त करते. आत कारखान्याचं तेल असतं, हवा दाबली की गरम होऊन ते पेटतं, त्यामुळं एक छर्रा जोरात एक हळू असं होतं. घाबरू नका, पण तोवरच्या ग्रुपवरून मत बनवू नका. मी बनवलं होतं.

डब्यावर स्पीड मोठ्या अक्षरात छापतात त्याच्या पण नादाला लागू नका. हजार फूट सेकंदाला वगैरे. आवाजाचा वेग साधारण ११०० फुटांच्या पुढं आहे, छर्रा त्याच्या जवळ गेला की डगमगायला लागतो, त्याचा कंबर बारीक आणि मागं घेर असा आकार त्या वेगासाठी नाहीच. ऑलिंपिकच्या दहा मीटर रायफली तर पावणेदोनशे मीटर सेकंदाच्या आसपासच मारतात, पावणेसहाशे फूट म्हणा. तिथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अर्धा! वेग हवा असता तर त्यांनी ठेवला नसता का?

असो, तर डिसेंबरच्या शेवटी परत शेडमध्ये. स्क्रू घट्ट, क्राउन केलेलं, जेएसबी, आणि तोवर पाचशेच्या वर छर्रे मारून झालेले. शिवाय रायफल पकडायची पद्धत बदलली, घट्ट आवळून न धरता पुढचा हात नुसता टेकू म्हणून खाली, तिला तिच्या मनानं मागं-पुढं होऊ द्यायचं, पिस्टनवाल्या रायफलीचं हेच खरं. दहा छर्रे, १७ एमएम. परत, १९. परत, १६.

जुनीला पण न्याय म्हणून तेच जेएसबी दिले, २४ वरून २१ वर आली. एकदा २०.

मामांना कागद दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "मग त्या दिवशी माझे तीन एका नाण्याखाली कसं?" मी म्हटलं मामा, नव्यानं पण त्या पहिल्या दिवशी तीन-तीन मोजले असते तर एखादा ग्रुप नाण्याखाली आलाच असता. तीन छर्रे कुठल्याही रायफलीतून कधी ना कधी चिकटून बसतात, आपण तो कागद पाकिटात ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. मी स्वतः बारावीतला एक कागद अजून जपून ठेवलाय, पाच छर्रे एका भोकात, तो त्या रायफलीचा रोजचा नेम नव्हता हे मला आता कळतंय. दहा मारले की खरं काय ते बाहेर येतं.

आणि थ्री नॉट थ्रीचं पण बोललो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी स्नायपरसाठी थ्री नॉट थ्रीचीच जी नंबर ४ टी रायफल वापरली ती वेगळी बनवलेली नव्हती, कारखान्यात रोजच्या रायफली मारून बघायचे, त्यातल्या ज्यांचा ग्रुप चांगला येईल त्या बाजूला काढायचे आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडं स्कोप बसवायला आणि लाकूड नीट जुळवायला पाठवायचे. म्हणजे त्या काळात पण सगळ्या सारख्या नव्हत्या, निवडाव्या लागत होत्या, आणि निवडलेल्यांवर परत हात फिरवावा लागत होता. मामा म्हणाले, "हे बाकी खरं हाय. आमच्या कंपनीत बी एक रायफल हुती, सगळे तिच्यासाठी भांडायचे." मग ते बऱ्याच वेळ त्या रायफलीबद्दल बोलले, तिच्या बटला कुणीतरी खिळ्यानं कोरलेली रेघ होती तिच्यावरून ती ओळखायचे म्हणे.

म्हणजे जुन्याची आठवण जी राहते ती त्या एका रायफलीची राहते. आमच्याच घरचं सांगतो, वडलांनी आयएचपी घेतली त्याच सुमारास काकांनी पण एक घेतली होती, दुसऱ्या एका कंपनीची. तिच्यातून डबा पण लागायचा नाही. नव्वदीत ती भंगारात गेली. आज आमच्या घरी "जुनी रायफल" म्हटलं की फक्त वडलांची, काकांची कुणाच्या तोंडात पण येत नाही. जुन्यातल्या वाईट कधीच मोडीत निघाल्या, चांगल्या तेवढ्या राहिल्या, आणि आपण त्या निवडून राहिलेल्यांची तुलना दुकानातून सरळ उचललेल्या नव्याशी करतो.

मोठ्या रायफलींच्या जगात पण हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत विंचेस्टर मॉडेल ७०, १९३६ पासूनची, १९६४ ला कंपनीनं खर्च कमी करायला डिझाइन बदललं, मोठा क्लॉ एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) गेला, लाकडावरची नक्षी हातानं कापायची ती दाबून उठवायला लागले, तेव्हापासून चौसष्टच्या आधीची म्हटलं की लोक जास्त पैसे मोजतात. ते पैसे फिनिशला, मजबुतीला, हातकामाला आहेत आणि ते योग्यच आहेत. पण कागदावरच्या भोकांचं बघितलं तर आज फिनलंडच्या टिक्कासारखी दुकानातली साधी रायफल एक एमओएची हमी घेऊन येते, म्हणजे १०० यार्डाला २६-२७ एमएमचा ग्रुप. पूर्वी एवढं हवं असलं की गनस्मिथकडं जाऊन लाकडाचं बेडिंग करून, म्हणजे रायफल लाकडात नीट घट्ट बसवून, घ्यायला लागायचं.

उलट बाजू पण आहे. सत्तरच्या दशकातली फाइनवेर्कबाऊ ३००एस, दहा मीटरची जर्मन मॅच रायफल, झटका जिरवायला आतली सगळी यंत्रणा रुळावर मागं सरकते अशी, ती आज पण नव्या लाखा-दोन लाखाच्या रायफलीइतकंच बारीक भोक मारते. म्हणजे जिथं पूर्वी पण पैसा आणि माणसाचा वेळ ओतला जायचा तिथं जुनं कुठं कमी नाही. बदललंय ते खालचं टोक. स्वस्तातली रायफल पूर्वी लॉटरी होती, आता नळी तरी नक्की चांगली मिळते, पण शेवटचा हात मात्र आपल्याला मारावा लागतो.

ट्रिगरचं मात्र नव्याचं काही कौतुक करू शकत नाही. जुनीचा ट्रिगर चाळीस वर्षांत घासून घासून लोण्यासारखा झालाय, कुठं सुटणार ते बोटाला आधी कळतं. नव्याचा लांब, खरखरीत, मधेच अडकल्यासारखा होतो आणि मग सुटतो. ॲडजस्टमेंटचा स्क्रू दिलाय, त्यानं वजन कमी होतं, खरखर जात नाही. अडीच हजार छर्र्यांनंतर थोडा बरा झालाय. बट प्लास्टिकचा आहे, आत पोकळ, गालाला थंडीत गार लागतो, पण पावसात फुगणार नाही हा फायदा. सोबत आलेला स्कोप मी एका संध्याकाळीच काढून ठेवला.

घेणाऱ्यांसाठी एक कामाचं: २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं साडेचार एमएम बोअर आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही, ओळखपत्राची झेरॉक्स मात्र द्या आणि बिल जपून ठेवा. माझी हिशेबानं सोळा ज्यूलच्या आसपास येते. दुकानात घेतानाच कापसाची काडी खिशात घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू दे, नळीच्या तोंडावरून फिरवा, धागा अडकला तर दुसरा पीस मागा. स्क्रू तिथंच बघा. आणि पाचात किती देणार म्हणाल तर कारखान्यातून आली तशी दोन, आज माझ्या कपाटात आहे तशी चार.

एक गोष्ट मात्र आकड्यांनी सुटली नाही. माझी मुलगी आठवीत आहे, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हापासून तिच्या डोक्यात रायफल बसलीय, आणि तेजस्विनी सावंत पण कोल्हापूरचीच, २०१० ची वर्ल्ड चॅम्पियन, हे मी सांगितल्यावर तर विचारू नका. तिला मी दोन्ही दिल्या. तिनं जुनीच धरली. नवीचा गॅस पिस्टन कॉक करायला, म्हणजे नळी मोडून ताणायला, तिला दोन्ही हात लावून पण जड जातं, पाचव्या छर्र्याला हात थरथरतो. जुनीची स्प्रिंग मऊ पडलीय, ट्रिगर हलका, दहा मीटरवर तिचे छर्रे जुनीतून जवळ येतात आणि नवीतून पसरतात, दर वेळी. टेबलावर ठेवून मारली तर नवी सरस, तिच्या हातात जुनी सरस.

म्हणून आता जुनीलाच नवीन सील आणि ब्रीचचं वॉशर मागवलंय, मधल्या त्या सैल जागेचं काही करता येत नाही पण हवा तरी गळायची थांबेल. शेडमध्ये आता बेदाणा पडलाय, जागा मे महिन्यापर्यंत मिळणार नाही. मिळाली की मुलीच्या हातून दोन्हीचे दहा-दहाचे पाच ग्रुप मारून घेणार आणि आकडे इथंच खाली टाकतो.